कडत: पाटी आणि दफ्तर एकाच कापडावर

आठ इंच ते फूटभर रुंदीचं आणि बारा ते अठरा फूट लांबीचं सुती कापड घ्यायचं. खळीत कोळशाची पूड कालवून तिचा लेप कापडाच्या दोन्ही अंगांना द्यायचा. कर्नाटकात ही खळ चिंचोक्याची करत. लेप खडखडीत वाळला की कापड कुठेही न कापता सारख्या मापाच्या घड्या घालायच्या, एक अशी, एक तशी, म्हणजे पुस्तकासारखी पानं तयार होतात. दोन्ही टोकांना लाकडी फळ्या बसवायच्या. ऐपत असेल तर रंगवलेल्या, रोगण दिलेल्या. वरून रेशमी किंवा सुती बासन. गरिबाच्या वहीला फळ्या नसत, साधा दोरा गुंडाळलेला असे. लिहायला शंखजिऱ्याची कांडी. काळ्यावर पांढरं अक्षर उठतं, नको असेल तेव्हा पुसता येतं आणि त्याच जागी दुसरं लिहिता येतं.

म्हैसूर मुलखात या वहीला कडत म्हणत आणि त्या कांडीला बळप. वरची मापं मार्क विल्क्सनं नोंदवलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो म्हैसूर दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि त्याच्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाचा पहिला खंड 1810 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खंडात तो सांगतो की जुन्या काळी सरकारी नोंदी आणि दस्तऐवज कडतावर होत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत म्हैसूरचे व्यापारी आणि दुकानदार सर्रास कडतच वापरत होते. एका व्यापाऱ्याच्या कडतात साक्षीदारांसह लिहिलेलं कर्जखत पुराव्यादाखल हजर झालेलं आणि ते मान्यही झालेलं त्यानं पाहिलं होतं.

मी या वाक्यापाशी थांबतो. ओल्या बोटानं पुसलं जाईल अशा अक्षरात लिहिलेलं कर्जखत, आणि ते पुरावा म्हणून चालतं. संगणकावरच्या नोंदवह्यांचा आजचा गोंधळ, म्हणजे एकाच नावाच्या दोन आवृत्त्या, एकीत लिहिलेलं दुसरीत नाही, खरी प्रत कोणती ते कळत नाही, हा सगळा प्रकार समजून घ्यायचा तर सुरुवात या काळ्या कापडापासून करायला हवी असं मला वाटतं.

मराठी दफ्तरात दोन कामं वेगळी ठेवलेली होती. पोरानं अक्षर गिरवायचं ते धूळपाटीवर, आणि ते पुसलं जाणारच हे सगळ्यांना ठाऊक. कारकुनानं आधी खर्डा करायचा, मग पक्की प्रत. पक्क्या प्रतीच्या शेवटी मोर्तब उमटायचं, कारण त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये. पत्र दफ्तरी नोंदलं गेलं की त्यावर ‘बार’ असा शेरा. व्यापाऱ्याची रोजची कीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. कागदावर शाईनं लिहिलेलं खोडलं तर खोड दिसते, खरवडलं तर कागद विरतो. मजकूर कुठे कच्चा आहे आणि कुठून पक्का झाला, ती सीमा कागदावरच दिसत असे, आणि ती ओलांडायला माणसाची मुद्रा लागत असे.

कडतात ही सीमा नव्हती. पाटी आणि दफ्तर एकाच कापडावर आले. सकाळी उधारी टिपायची ती त्यावर, आणि वर्षानुवर्षं जपायचा करार तोही त्यावर. ही त्याची मोठी सोय होती. अठरा फुटांचा पट्टा घडी घालून काखोटीला मारता येत होता, उघडून पसरला तर महिन्याचा व्यवहार एका नजरेत येत होता, आणि कागदासारखी पुन्हा पुन्हा विकत आणायची गरज नव्हती. लोकांनी तो सोडला नाही यात नवल नाही.

हैदरअलीच्या काळात म्हैसूरचे सरकारी हिशेब कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांत ठेवले जात. मराठी तिथे परकी नव्हती. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून मोडी जाणणारे लेखनिक त्या मुलखात रुजले होते, आणि तुंगभद्रेच्या दक्षिणेला तंजावरपर्यंत कित्येक कचेऱ्यांतून देशस्थ कारकून बसत होते. पुढे दिवाण झालेला पूर्णय्या याच हिशेबाच्या खात्यातून वर आला. एका कचेरीत दोन लिप्या नांदत असतील तर एका लिपीत केलेली लबाडी दुसरी लिपी लिहिणाऱ्याच्या नजरेला येण्याचा संभव वाढतो, हा माझा तर्क आहे. पण पुसता येणाऱ्या माध्यमावर राज्याचा हिशेब चालवायचा तर असं काही तरी हवंच.

टिपू सुलतानानं ही घडी मोडली. हिशेबाची भाषा फार्सी केली, कालगणना बदलली, महिन्यांना आणि वर्षांना नवी नावं दिली, आणि सरकारी हिशेब कडतावर लिहायला मनाई केली. त्याच्या महसुली नियमांचं इंग्रजी भाषांतर बरिश क्रिस्प यानं 1792 मध्ये कलकत्त्याला छापलं. मनाईचं कारण उघड आहे: जे पुसता येतं त्यात खोटी नोंद घुसडता येते. विल्क्सला हे मान्य होतं. तरीही त्यानं लिहून ठेवलं आहे की ताम्रपट आणि शिलालेख सोडले तर हिंदुस्थानात वापरात असलेल्या कोणत्याही माध्यमापेक्षा कडत अधिक टिकतं. उत्तम कागदावरचं उत्तम लिखाणही त्याच्यापुढे उतरत नाही.

दोघांचे प्रश्न वेगळे होते. टिपू विचारत होता की हे कुणी बदलू तर शकणार नाही? विल्क्स विचारत होता की हे शंभर वर्षांनी उरेल का? राज्यकर्ता म्हणून टिपूचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याची चूक मला दुसरीकडे दिसते. माध्यम, भाषा आणि सन ही तिन्ही एकाच राजवटीत बदलली. जुनं दप्तर वाचणारा कारकून नव्या दप्तराला परका झाला, नव्या दप्तराचा मुनशी जुन्याला परका. टिपूच्या कागदांवरच्या तारखा इसवी सनाशी जुळवताना अभ्यासकांना आजही वेगळं कोष्टक हाताशी घ्यावं लागतं. नोंद करण्याचं साधन बदलण्याचा अधिकार राजाला असेल, पण जुन्या नोंदीपासून नव्या नोंदीपर्यंत यायची वाट बांधून देणं हेही राजाचंच काम.

ती वाट नसेल तर काय होतं याची एक हकीकत विल्क्सनंच दिली आहे. 1796 मध्ये म्हैसूरचे नामधारी राजे खासा चामराज वोडेयर वारले आणि राजवाडा रिकामा करायला घेतला. अनेक दालनं ताडपत्रांनी आणि कडतांनी भरलेली निघाली. यांचं काय करायचं असं विचारल्यावर टिपूचा हुकूम मिळाला की पागेत पाठवा, घोड्यांचे कुळीथ शिजवायला जळण होईल. एका ब्राह्मणानं कुलदेवतेच्या नावानं एक लहानशी खोली मागून घेतली, म्हणून तिच्यातलं तेवढं वाचलं. ही हकीकत जिंकलेल्या पक्षाच्या माणसानं सांगितलेली आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. पण ज्या कापडाला विल्क्स तांब्या-दगडाच्या खालोखाल टिकाऊ म्हणतो तेच कापड चुलीत गेलं असं तोच सांगतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. बहुतेक नोंदी आपोआप झिजून जात नाहीत. त्या वाचण्याची कुणाला गरज उरत नाही आणि मग त्या अडगळ ठरतात.

1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. पूर्णय्या दिवाण झाला आणि 1811 पर्यंत राहिला. मराठीचा वापर म्हैसूरच्या कचेऱ्यांतून पुढे इंग्रज कमिशनरांच्या काळातही टिकला. कागद स्वस्त होत गेला, छापील नमुने आले आणि कडत मागे पडलं. शृंगेरीच्या मठाच्या दफ्तरात जुनी कडतं आजही आहेत. नाव मात्र कुठेच गेलं नाही. कर्नाटकातल्या सरकारी कार्यालयात टेबलावर पडून असलेल्या फायलीला आजही कडतच म्हणतात, आणि कन्नडमध्ये उतरवलेल्या कित्येक संगणक-प्रणालींत फाइलसाठी हाच शब्द घातलेला आहे.

याच म्हैसुरात 1905 मध्ये तंजावरकडच्या एका पंडितानं ग्रंथ लिपीतली ताडपत्रांची एक पोथी सरकारी प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ती वाचली, आणि कौटिल्याचं अर्थशास्त्र 1909 मध्ये छापून निघालं. तोवर हा ग्रंथ इतरांनी दिलेल्या अवतरणांतूनच माहीत होता. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटलावर, म्हणजे राज्याच्या हिशेब-दफ्तरावर, एक आख्खा अध्याय आहे. प्रांतोप्रांतीच्या हिशेबनिसांनी आषाढात राजधानीत यायचं, वह्या मोहरबंद करून आणायच्या, सोबत शिल्लक आणायची. आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, म्हणजे आकडे जुळवून घेता येणार नाहीत. मग जमा, खर्च आणि शिल्लक ऐकून ताळा घ्यायचा. नोंद क्रम सोडून केली, उलट्या क्रमानं केली किंवा तीच बाब दोनदा लिहिली तर बारा पण दंड. शिलकीच्या नोंदीत असं केलं तर दुप्पट.

क्रम मोडणं आणि एकच बाब दोनदा येणं हे दोष त्या काळी दंडाला पात्र ठरवले गेले, कारण हिशेब बिघडतो तो तिथूनच. अर्थशास्त्रकार माध्यमावर भरवसा ठेवत नाही. तो मोहर मागतो, ठरलेला दिवस मागतो, आणि माणसांना वेगवेगळं बसवतो.

त्या ग्रंथाच्याही प्रतींचा गोंधळ पुढे निस्तरावा लागला. म्हैसूरच्या प्रतीनंतर त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्र्यांची आवृत्ती निघाली, मल्याळम लिपीतल्या पोथ्या पुढे आल्या, गुजरातेत पाटणला देवनागरीतला एक तुकडा सापडला. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी या सगळ्यांचे पाठ ताडून 1960 मध्ये चिकित्सक संहिता दिली, 1963 मध्ये इंग्रजी भाषांतर आणि 1965 मध्ये अभ्यास. कंगल्यांनी जो पाठ स्वीकारला तो वर छापला आणि जे नाकारले ते तळटीपेत ठेवले. नाकारलेला पाठही वाचकाला दिसत राहतो. एका मराठी संस्कृतज्ञानं म्हैसूरच्या पोथीचं ऋण फेडावं तसं हे काम आहे, आणि आवृत्त्यांच्या गोंधळावर याहून प्रामाणिक उपाय मला माहीत नाही.

आता आजच्या कडताकडे येऊ. मायक्रोसॉफ्टनं 2002 च्या नोव्हेंबरात वननोट जाहीर केलं आणि 2003 च्या ऑफिससोबत ते बाजारात आलं. कल्पना सरळ होती: वही, वहीत विभाग, विभागात पानं, आणि पानावर हवं तिथे लिहायचं. त्यात ‘जतन करा’ असं बटणच नव्हतं, आजही नाही. तुम्ही लिहाल ते आपोआप राहतं, पुसाल ते आपोआप जातं. खर्डा कुठे संपला आणि पक्की प्रत कुठे सुरू झाली हे सांगणारी खूण नाही. पाटी आणि दफ्तर पुन्हा एकाच कापडावर आले.

गोंधळ वाढला तो वहीच दुहेरी झाल्यावर. 2012 मध्ये विंडोज 8 साठी बोटानं चालवायची एक वेगळी आवृत्ती निघाली. 2014 च्या मार्चमध्ये वननोट फुकट झालं. 2015 मध्ये विंडोज 10 सोबत त्या नव्या घराण्यातलं ॲप संगणकात आधीपासूनच बसून येऊ लागलं, तर ऑफिससोबत जुन्या घराण्याची 2016 ची आवृत्ती येत राहिली. दोन्हींचं चिन्ह जांभळं, दोन्हींवर ‘एन’. स्टार्ट मेनूत एकाचं नाव ‘वननोट’, दुसऱ्याचं ‘वननोट फॉर विंडोज 10’.

फरक वरवरचा नव्हता. जुनी आवृत्ती वही तुमच्या स्वतःच्या संगणकावर, डी ड्राइव्हमध्ये, पेन ड्राइव्हवर ठेवू देई. विंडोज 10 वाली फक्त क्लाउडवरची वही उघडे. म्हैसूरच्या इन्फोसिसच्या आवारात महाराष्ट्रातून कितीतरी मुलंमुली प्रशिक्षणाला जातात; अशा एखादीनं कॉलेजची चार वर्षांची टिपणं जुन्या आवृत्तीत डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली असतील आणि नव्या लॅपटॉपवर तिनं समोर दिसेल त्या जांभळ्या चिन्हावर क्लिक केलं, तर पुढे रिकामी वही उघडते. टिपणं नष्ट झालेली नसतात. पण या वहीला त्या वहीची ओळख नसते. ती मग त्या रिकाम्या वहीत नव्यानं लिहू लागते आणि आता तिच्या दोन वह्या होतात, दोन्हींचं नाव एक. महिन्याभरानं कोणती पुढची आणि कोणती मागची हे तिलाही सांगता येत नाही. अर्थशास्त्रात बारा पण दंड सांगितला आहे तो याच दोषाला.

त्यातून वरचे हुकूम बदलत राहिले. 2018 च्या एप्रिलमध्ये सांगितलं गेलं की 2016 ची आवृत्ती शेवटची, पुढे विंडोज 10 वाली चालेल. ज्यांनी ऐकलं त्यांनी वह्या हलवल्या. 2019 च्या नोव्हेंबरात निर्णय फिरला, जुनी आवृत्ती चालू राहणार असं ठरलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये दोन्हींचं एक करणार आणि जुन्या घराण्याचं वननोट तेच खरं धरणार असं जाहीर झालं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 वाल्या ॲपचा आधार संपला. आता त्यात वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे 2018 मध्ये सूचना मानून जो नव्यात गेला त्याला परत जुन्यात यावं लागलं, आणि जो हटून बसला तो बरोबर ठरला. हे लोकांच्या स्मरणाशी केलेलं वागणं मला पटत नाही. दोन वह्या वेगळ्या आहेत तर त्यांना वेगळी नावं आणि वेगळे रंग द्यायला काय हरकत होती? टिपूनं निदान कडत बंद करताना त्याला कडत म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र वननोटच्या बाजूनं सांगायला हवी. दोन संगणकांवरून एकच ओळ वेगवेगळी बदलली गेली आणि सिंक करताना दोन्ही समोरासमोर आल्या, तर ते एकीला गिळून टाकत नाही. विरोधी मजकुराचं वेगळं पान दाखवतं आणि निवाडा तुमच्यावर सोपवतं. हा कंगल्यांच्या तळटीपेचा मार्ग आहे. माणसं ते पान वाचत नाहीत, ही अडचण वेगळी.

मराठी लिहिणाऱ्याला याच जातीचा आणखी जुना अनुभव आहे. युनिकोड रुळण्याआधी ज्या-ज्या फाँटात टिपणं केली, त्या फाँटाशिवाय ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. फाइल शाबूत, अक्षर बेपत्ता. कितीतरी लेखकांच्या, प्राध्यापकांच्या, ग्रामीण वार्ताहरांच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी अशा फायलींत पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, काम किचकट आहे पण होतं. राजवाड्यातली कडतं पागेत गेली तेव्हा ती वाचता येणारी माणसं अजून जिवंत होती. या फायलींच्या बाबतीतही आज तीच स्थिती आहे.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या संगणकावर नोंदवहीची किती ॲपं आहेत ते एकदा पाहा, आणि प्रत्येकात कोणती वही आहे ते उघडून बघा. विंडोज 10 वाल्या वननोटमध्ये काही उरलं असेल तर ते आधी सिंक करून घ्या आणि चालू असलेल्या वननोटमध्ये उघडून शेवटचं पान आलं आहे का ते तपासा. त्याशिवाय जुनं ॲप काढू नका. जी वही खरी धराल तिच्या पहिल्या पानावर तसं लिहा, तारीख घाला, आणि दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ती बंद केल्याची तारीख घाला. वर्षातून एकदा, आषाढात म्हणा किंवा आर्थिक वर्षाच्या अखेरीला, महत्त्वाची पानं पीडीएफ करून वेगळ्या जागी ठेवा आणि त्या प्रतीत पुन्हा हात घालू नका. जुन्या फाँटातल्या फायली या वर्षी युनिकोडमध्ये आणा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. आणि म्हैसूर, शिमोगा, बेळगावकडच्या कुणाच्या जुन्या घरात माळ्यावर काळ्या कापडाची घडीची वही सापडली, तर ती ओल्या फडक्यानं पुसू नका. आधी तिचे फोटो काढा आणि कर्नाटकच्या राज्य अभिलेखागाराला दाखवा.